अर्धा पाला

"पण सर, मला मिळालेले पैसे मी घरी पाठवले, त्यात चुकलं कुठं?"

शिरीन मुलाणी हे जरा ताठ्यातच म्हणाली. बी.एस्सी.ची ही विद्यार्थिनी उन्हाळी संशोधनासाठी दोन महिने रेशीम केंद्रात आली होती. राहण्याजेवणासाठी मिळणारं विद्यावेतन ती जवळजवळ सगळं गावी अब्बांना पाठवायची आणि स्वतः चहा-पावावर दिवस ढकलायची. काल अळ्यांच्या खोलीत चक्कर येऊन खाली बसली, तेव्हा हे उघड झालं.

तिचे मार्गदर्शक हुद्दार सर बोलायचे कमी, म्हणून पोरं त्यांना टरकून असत.

"चुकलं असं कोण म्हणालं?" सर म्हणाले. "अब्बा काय करतात?"

"शिवणकाम. पण डोळ्याचं ऑपरेशन झालंय. पुढच्या महिन्यापर्यंत मशीनवर बसता येणार नाही."

"दुसरं कोणी नाही बघायला?"

"मामा द्यायला तयार आहेत की. पण मी असताना त्यांच्यापुढं हात का पसरायचा?"

आयुष्यात पहिल्यांदा घर आपल्या पैशांवर चाललंय, याचा तिला केवढा अभिमान होता. असणारच.

"तू जेवत नाहीस, हे अब्बांना ठाऊक आहे?"

शिरीनने पाल्याची टोपली पुढं ओढली.

अळ्यांना पाला घालायची वेळ झाली होती. शिरीनने तुतीची पानं टोपलीत काढून ठेवली होती. सर उठले आणि त्यातली निम्मी पानं उचलून त्यांनी खिडकीत ठेवली.

"आजपासून एवढाच घाल."

"सर, अळ्या शेवटच्या अवस्थेत आहेत. खरी भूक त्यांना आत्ताच असते."

"मरतील?"

"मरणार नाहीत. पण..."

"मग झालं तर. काटकसर तुझ्याकडूनच शिकलो."

शिरीनला हसू आलं नाही. अंड्यातून बाहेर आल्यापासून या अळ्या तिनेच वाढवल्या होत्या.

"असं नका करू, सर. जगतील, पण कोष पातळ होतील. त्यातून धागा काय निघणार? सगळी मेहनत पाण्यात जाईल बघा."

सर तिच्या मनगटाकडे पाहत राहिले. घड्याळाचा पट्टा शेवटच्या भोकात अडकवला होता, तरी सैलच होता...

शिरीनने बाही खाली ओढली. तिचे डोळे भरून आले.

सरांनी खिडकीतली पानं परत टोपलीत टाकली.

"मेसमध्ये जाऊन पोटभर जेव. मग मामांना फोन लाव. अळ्यांचं मी बघतो."

ती दारापर्यंत गेली आणि थांबली.

"पण सर... मी घरी काहीच पाठवायचं नाही?"

सर अळ्यांवर पानं पसरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"घरी कोष पाठवायचे असतात, शिरीन. पाला नाही."