पंगतीबाहेरची पोरं

फार फार जुनी गोष्ट आहे. तेव्हाचा राजा कोण होता हे आज त्याच्या वंशजांनाही सांगता यायचं नाही, म्हणून आपणही विचारू नये.

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. डोंगर चुनखडीचा, म्हणून गावाचा धंदा चुन्याचा. राजाचे किल्ले, देवळं, विहिरी, सगळं या गावच्या चुन्यावर उभं होतं. गावची भट्टी एक म्हातारा सांभाळायचा. त्याला सगळे नाईक म्हणत. त्याचा बाप भट्टीवर होता, आजाही भट्टीवर होता. मुलगा मात्र राजधानीत गेला होता. राजाच्या मागे उभं राहून चवरी ढाळायचं काम त्याला मिळालं होतं आणि त्या कामात धूळ म्हणून नव्हती.

गावातल्या सगळ्याच तरण्याताठ्या पोरांनी राजधानीची वाट धरली होती. दगड फोडायचे, पाट्या वाहायच्या, भट्टीच्या तोंडात सरपण कोंबायचं, ही कामं कुणालाच नको होती. हात फाटतात, डोळे चुरचुरतात, लग्नाला मुलगी मिळत नाही. मुलीही तेच म्हणत, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

त्याच सुमारास डोंगरापलीकडचा राजा माजला. घरटी एक पोर तो लढाईला न्यायचा आणि नेलेलं पोर परत यायचं नाही. मग तिथली पोरं पळू लागली. खिंड ओलांडून, अनवाणी, काट्याकुट्यांतून ती या गावाच्या वेशीशी येऊन बसली. बहुतेकांना मिसरूडही फुटलेली नव्हती. त्यांच्यात एक मुलगी होती. तिने धाकट्या भावाचा हात इतका घट्ट धरला होता की पाणी प्यायलाही सोडला नाही.

"देवी पावली म्हनायची!" पाटील म्हणाले. "आपल्याला हात पायजेत, त्यांना भाकर पायजे. सोन्याहून पिवळं!"

हे गाव दुष्ट नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो. दुष्ट गावाची गोष्ट सोपी असते, ऐकून आपण निवांत झोपतो. या गावाने पोरांना भट्टीपाशी झोपड्या बांधून दिल्या, घोंगड्या दिल्या. कुणी आजारी पडलं की घराघरांतून काढा येई. पोरांनीही कामात कुचराई केली नाही. भट्टी पुन्हा धडधडू लागली. मुलगी तर भट्टीच्या तोंडाशीच उभी राहायची आणि संध्याकाळी नाईकाच्या पाठीला तेल चोळून द्यायची. "नाईकबाबा," ती म्हणायची, "तुम्ही बसा. मी बघते." स्वतःच्या मुलाने त्याला असं कधी म्हटलं नव्हतं.

आता गावची एक रीत सांगतो. वर्षातून एकदा, देवीच्या उत्सवात, गावपंगत बसायची. त्या पंगतीत ज्याचं पान मांडलं गेलं तो कायमचा गावचा. मग त्याला कुणी गावाबाहेर काढू शकत नसे, अगदी राजासुद्धा. आणि गावच्या माणसाला भट्टीवर उभा राहा असं कुणी फर्मावूही शकत नसे. मर्जी असेल तर त्याने करावं, नसेल तर आपली वाट धरावी. पंगतीत पानं मांडायचा मान नाईकाच्या घराण्याचा होता. त्याने पान मांडलं की मांडलं, त्यावर कुणाचा शब्द चालत नसे.

पहिल्या वर्षी मुलीने विचारलं, "नाईकबाबा, आम्हाला बसवाल का पंगतीला?"

"नवीन हायसा अजून," नाईक म्हणाला. "फुडल्या साली बगू."

पुढच्या साली त्याने पाटलांपाशी विषय काढला. पाटलांनी मान डोलावली. "बसीव की. पान तुज्या हातात हाय. पर उद्या ही पोरं म्हनली, आमी बी चाललो राजधानीला, तर? भट्टीत काय तुजी हाडं घालनार व्हय?"

सगळे हसले. नाईकही हसला. पण घरी जाताना त्याने पानांचा विषय पुन्हा पुढच्या सालावर ढकलला. भट्टीची काळजी होतीच, पण खरं सांगायचं तर त्याला त्या मुलीची जास्त होती. गावची झाली की तिला वाटा फुटणार. मुलगा गेला तशी तीही जाईल आणि मग पाठीला तेल कोण लावणार? मायाच होती ती, नाही असं नाही. पण ती स्वतःपुरती होती.

त्या वर्षीही जेवण टोपल्यांत भरून झोपड्यांवर पाठवलं गेलं. गावाने हात आखडता घेतला नाही, लाडू तर माणशी दोन जास्त होते. पंगतीचा गलबला झोपड्यांपर्यंत ऐकू येत होता. धाकट्याने विचारलं, "ताई, तेच लाडू तिकडे बसून खाल्ले तर काय होतं?"

"काही नाही होत," ती म्हणाली. "खा तू."

तिसऱ्या वर्षी उत्सव तोंडावर आला. या खेपेला पान मांडायचंच, असं नाईकाने मनाशी ठरवलं होतं. तसं त्याने आधीही ठरवलं होतं. पण एका सकाळी खिंडीतून शिपाई उतरले. दोन्ही राजांचा तह झाला होता आणि ज्याची माणसं त्याला परत करायची असं ठरलं होतं. शिपायांबरोबर आपल्या राजाचा एक कारभारी होता. माणूस भला होता. त्याने सगळ्या गावाला देवीच्या पायरीशी गोळा केलं आणि पोरांना समोर उभं केलं.

"जो गावपंगतीत बसला त्याला हात लावायचा नाही, असं तहात लिहून घेतलंय मी," तो सावकाश, एकेक शब्द तोलत म्हणाला. "तर सांगा, यांच्यातलं कोण कोण बसलंय?"

नाईक पुढे झाला. "समदी बसल्याती! म्या सोता पानं मांडली!"

"छान. पंगतीत प्रत्येकाच्या शेजारी कुणीतरी असतंच. या मुलीशेजारी जो जेवला त्याने पायरीवर हात ठेवून सांगावं. एकाने सांगितलं तरी मला पुरे आहे."

याहून जास्त उघड तो काय सांगणार? पण देवीच्या पायरीवर खोटं बोलायचं म्हणजे वंशाला डाग. पाटलांनी सुताराकडे पाहिलं, सुताराने तेल्याकडे, तेल्याने जमिनीकडे. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणीतरी पुढे होईल. नाईकही स्वतः पायरीकडे न जाता एकेकाच्या दंडाला धरून हलवू लागला. "आरं, बोला की रं! कुनीतरी बोला!"

शेवटी कारभारी मुलीकडे वळला. "तूच सांग बाळ. कुणाशेजारी बसली होतीस?"

तिने नाईकाकडे पाहिलं. तिच्या नजरेत राग असता तर म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं.

"आमचं जेवण झोपडीवर यायचं," ती म्हणाली. "भरपूर यायचं."

कारभाऱ्याने मान खाली घातली. शिपायांनी पोरांना दोरीने बांधलं. धाकट्याला नुकती मिसरूड फुटू लागली होती, तेवढं त्या राजाला पुरेसं होतं. नाईक खिंडीपर्यंत रडत, ठेचकाळत मागे गेला. तिथे एका शिपायाने त्याला भाल्याच्या दांड्याने मागे लोटलं. तो उठून उभा राहीपर्यंत पोरं वळणाआड गेली होती.

गावात भट्टी पेटलेलीच होती. सरपण घालायला कुणी नव्हतं. पाटलांनी आणि सुताराने थोडा वेळ हात चालवून पाहिले, पण धग सोसवेना. भट्टी विझली. आतून जे निघालं ते ना धड दगड होतं ना धड चुना. राजधानीला निरोप गेले, तिथून एकही मुलगा आला नाही. नाईकाच्या मुलाने कळवलं की बाबा, चवरी सोडून येता येत नाही.

पुढे बऱ्याच दिवसांनी खिंडीतून पुन्हा काही पोरं आली, तशीच अनवाणी, तशीच भेदरलेली. सगळं गाव वेशीकडे धावलं. नाईक सर्वांत पुढे होता. "या, या!" तो धापा टाकत म्हणाला. "आजच पंगत घालतो. तुमास्नी मधोमध बसवतो. काम नका करू, नुसती ऱ्हावा!"

पोरांनी भट्टीपाशी रिकाम्या पडलेल्या झोपड्या पाहिल्या.

"आमच्या आधी इथे आमची माणसं आली होती," त्यांच्यातला एक म्हणाला. "ती कुठे आहेत?"

नाईकाने खिंडीकडे बोट दाखवलं. पोरांनी विहिरीवर पाणी पिऊन घेतलं आणि ती गावाला वळसा घालून पुढे निघून गेली. पलीकडे नेलेल्यांची खबर कधीच आली नाही.

तात्पर्य : ज्याच्या हातांचं काम आपल्याला आज चालतं, त्याला आपलं म्हणायचं उद्यावर ढकलू नये.