पहिलं पान जंताला

टेकडीच्या अल्याड शिशाची भट्टी नुकतीच पेटली होती, तेव्हाची गोष्ट. ओढ्याकाठी राहणाऱ्या भुरक्या उंदराच्या पोटात एक जंत होता. "फुकट खातोस आणि वर नखरे करतोस!" भुरक्या रोज त्याच्यावर डाफरायचा.

एकदा नव्या ज्वारीची पंगत बसली. पहिल्याच घासाला जंत आतून ओरडला, "थांब! यात शिसं आहे. तुझ्याआधी ते माझ्या अंगात मुरतं, मला कळणार नाही होय?"

भुरक्यानं पान बाजूला सारलं. "जंताचं काय ऐकतोस!" म्हणत शेजारी पोटभर जेवले आणि आठवडाभर पोट धरून लोळले. बरे झाल्यावर सगळी वस्ती टेकडीपल्याड गेली.

आता तिथं पंगतीत पहिलं पान भुरक्यापुढं मांडतात आणि त्याच्या पोटाकडे वाकून अदबीनं विचारतात, "जंतराव, आम्ही बसू का?"