तिवसाळची सात-दहाची शटल

"मग किती मिनिटं थांबवू, बाबा? तेवढं सांगा."

अडलेल्याला वाट सांगणारे गावचे फकीर हैदरबाबा आज घरी आले होते. भिंतीला टेकून ते रंगनाथ डोईफोडेच्या घरभर पसरलेले रूळ बघत राहिले.

बोटभर रुंदीचे रूळ. ओसरीतून निघायचे, माजघरात शिरायचे, देव्हाऱ्याखालून चुलीमागे जायचे आणि वळसा घेऊन परत ओसरीत. वाटेत माळवंडी, तिवसाळ, बोरखेडी, लोणगाव. फाटक होतं, पाण्याची टाकी होती, वळणावर विहीर होती, फलाटावर दुधाच्या किटल्या घेतलेला लाकडाचा धोंडिबा गवळी होता.

खऱ्या शटलचे रूळ कधीच उपटून नेले होते. चाकरमान्यांची, दूधवाल्यांची, कॉलेजच्या पोरांची ती छोटी गाडी आता फक्त या घरात धावत होती.

आणि रंगनाथ तिचा गार्ड होता. तेव्हाही, आताही.

"इंजिनं किती जमवली?" बाबांनी विचारलं.

"अकरा. दहा पेटीत पडली आहेत. त्यांची चाकं शटलसारखी नाहीत. हे एक जुळलं, कलकत्त्याहून मागवलेलं. डबे तेलाच्या पत्र्याचे, मी कापले. बाबा, खिडक्या मोजून घ्या. एकही कमीजास्त नाही निघायची."

"मोजल्याच असशील तू."

आतून गोदावरीचा आवाज आला. "मोजणार नाहीत तर काय करतील! माझ्याच घरात मला चुलीपर्यंत जायला यांची झेंडी लागते."

"बघून पाय टाक, गोदे!"

"बघूनच टाकते, अहो. तेवढंच राहिलंय आता बघायला."

बाबा हसले. रंगनाथ नाही हसला.

त्याचा सगळा जीव मनगटावरच्या घड्याळात. सात वाजून आठ मिनिटं झाली आणि इंजिन घरघरत तिवसाळच्या फलाटाला लागलं. त्यानं बटण दाबलं. गाडी उभी राहिली.

"दोन मिनिटांचा थांबा," तो म्हणाला. "पण मी जास्त थांबवतो. आधी पाच थांबवली. मग अर्धा तास. परवा तर दिवस मावळेपर्यंत उभी ठेवली, बाबा."

"आणि?"

"येत नाही."

कोण, ते बाबांना ठाऊक होतं. साऱ्या गावाला ठाऊक होतं. नलू, रंगनाथाची एकुलती एक पोर, सतरा वर्षांची. लोणगावच्या कॉलेजात जायची. बाप रात्री माळवंडीला मुक्कामाला असायचा आणि सकाळची गाडी घेऊन यायचा. पोर घरून त्याचा डबा आणायची, गार्डच्या ब्रेकच्या डब्यात त्याच्या हाती द्यायची आणि बायकांच्या डब्यात चढायची. त्या दिवशी भाकरीला उशीर झाला. सुटलेल्या गाडीचा दांडा धरायला गेली आणि हात निसटला.

त्या शटलची एक रीत होती. कुणी पळत येताना दिसलं की डब्यातले लोक दारातून ओरडायचे, "पळ गं, पळ!" ड्रायव्हर शिट्टी लांबवायचा, जुना गार्ड झेंडी खाली धरायचा. रंगनाथ गार्ड झाला आणि त्यानं ती रीत मोडली. म्हणायचा, गाडी काय कुणाच्या बापाची आहे? त्याच्या गाडीवर लोक घड्याळं लावायचे. त्याची त्याला केवढी ऐट!

"मी ड्रायव्हरकडे बघत होतो," तेव्हापासून तो सगळ्यांना सांगत आला होता. "मागनं ती येतेय हे मला दिसलंच नाही."

बाबांनी चहाचा घोट घेतला. "पोर कुठंय यात?"

रंगनाथानं तंबाखूची डबी उघडली. कापसात गुंडाळलेली, पांगाऱ्याच्या लाकडाची, नखाएवढी बाहुली काढली आणि फलाटापासून हातभर लांब, विहिरीच्या वळणावर उभी केली.

"रोज इथं ठेवतो. रोज गाडी थांबवतो."

"मग उचल आणि बसव डब्यात."

"हातानं बसवली तर ती कुठं आली, बाबा? मीच बसवली ना…"

बाबा खाली वाकले. म्हातारे डोळे बारीक करून बराच वेळ बाहुलीकडे बघत राहिले.

"काम सुरेख आहे हां. एक चप्पल पायात, एक हातात."

"चपलेचा अंगठा तुटला होता."

"वेणी सुटलेली."

"हो… पळताना सुटली."

"चप्पल आणि डबा, दोन्ही डाव्या हातात. आणि हा उजवा हात वर कशाला केलाय?"

"मला हाक मारत होती, बाबा. 'आबा, थांबा' म्हणून…"

त्यानं वर बघितलं.

दारात गोदावरी उभी होती. हातात गुळाची वाटी. इतक्या वर्षांत तिनं त्या कोपऱ्याकडे कधी बघितलं नव्हतं, येताजाता पाठच करायची. आज बघत होती.

"विहिरीवर तर कुणीच नव्हतं," ती हळू म्हणाली. "मी सगळ्यांना विचारलं होतं. धोंडिबाला विचारलं, विडीवाल्या बायकांना विचारलं. माझी पोर शेवटची कशी दिसत होती, कुणी बघितली का म्हणून घरोघर हिंडले. कुणीच बघितली नव्हती."

रंगनाथाची मान खाली गेली.

"अहो… वेणी सुटलेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

चुलीवर दूध उतू गेल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

"दिसली होती," रंगनाथ म्हणाला. "विहिरीपासून दिसत होती. हाकही ऐकली. सातवर नऊ मिनिटं होऊन गेली होती, दहावं भरायला काही सेकंद उरले होते. मनात म्हटलं, आज घरच्या माणसासाठी थांबवली तर उद्या लोक तोंडावर बोलतील… आणि झेंडी दाखवली. वाटलं, चुकेल एक दिवस कॉलेज. मला काय ठाऊक ती दांडा धरायला…"

गोदावरीनं वाटी खाली ठेवली. ओरडली नाही, रडली नाही. रूळ ओलांडून आली आणि विहिरीच्या वळणापाशी बसली. बाहुलीच्या सुटलेल्या वेणीवरून करंगळी फिरवली. एकदा. परत एकदा.

"मी भाकरीला दोष देत आले," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं… माझ्याच हाताला."

रंगनाथ तिच्याकडे सरकला. ती सरकली नाही, आणि बघितलंही नाही तिनं त्याच्याकडे. गाडी फलाटाला तशीच उभी. सात वाजून तेवीस मिनिटं झाली होती.

"बाबा," तो म्हणाला, "मोडून टाकू का हे सगळं? चुलीत घालू? काय करू, ते तरी सांगा…"

हैदरबाबा काठी टेकत उठले. ब्रेकच्या डब्यात उभा असलेला नखाएवढा गार्ड त्यांनी दोन बोटांनी अलगद उचलला, विहिरीच्या वळणावर नेला आणि पोरीच्या मागं उभा केला. मग खुंटीवरची खरी हिरवी झेंडी काढली, धूळ झटकली आणि गोदावरीच्या मांडीवर ठेवली.

"उद्या सात-दहाला गाडी गोदावरी सोडेल. तू विहिरीपासून पळत ये."

"पळत? मी?"

"खऱ्या विहिरीपासून. या घरापर्यंत."

रंगनाथानं बायकोकडे बघितलं. तिनं झेंडीची घडी मुठीत धरली होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, वाचावं असं काहीच नव्हतं.

"आणि बाबा… हिनं थांबवली नाही तर?"

बाबा उंबऱ्यात थांबले. चपलेत पाय घातले. मागं वळले नाहीत.

"पळायच्या आधी पोरीनं हे विचारलं होतं का रे?"