दोन पट आणि राहीचा हत्ती

पटाच्या कोपऱ्यात उभ्या असलेल्या या मोहऱ्याला तुम्ही काय म्हणता? उंट? अहो दादा, कसं सांगू आता! उंट घोड्याच्या पलीकडे, तिरका जातो तो. इथे खेळायचं तर आधी एकेका मोहऱ्याला हात लावून नाव घ्यावं लागतं. हत्ती, घोडा, उंट, वजीर, राजा, प्यादं. सकाळपासून हेच सांगून माझा घसा बसलाय.

ओढ्याच्या दोन्ही काठांवर खडकात कोरलेले हे दोन पट भांडणातून आले, असे सांगतात. या काठाला सावरखेड, त्या काठाला निंबोळी, आणि मधे एकच झरा. एका उन्हाळ्यात तो बोटभर धारेवर आला. आधी पाणी कोणी भरायचं, हे बुद्धिबळावर ठरवायचं झालं. पण दुसऱ्याच्या काठावर पाय ठेवणार नाही, अशी दोन्ही पाटलांची शपथ. म्हणून दोन पट मांडले. खेळी ओरडून सांगायची. मोहरे सावरखेडच्या राही कुंभारणीने घडवले. घाईत तिने कोणाचंच तोंड काढलं नाही, नुसते लहानमोठे खुंट.

सावरखेडात कोपऱ्यातला तो हत्ती. निंबोळीत मात्र त्यालाच उंट म्हणत, आणि हत्ती म्हणजे घोड्याच्या पलीकडचा. “हत्ती, चार घरं!” अशी हाक आली की इकडे एक मोहरा सरळ जाई, तिकडे दुसराच तिरका. तिसऱ्या दिवशी म्हणे दोन्ही पाटील आपापल्या पटावर जिंकले. दोन्ही गावं काठ्या घेऊन आपापल्या काठावर उभी राहिली. घागर कोणालाच बुडवता येईना.

राहीची शपथ नव्हती. ती ओढ्यात उतरली. “पोरं तहानेने रडताहेत, आणि तुम्हाला मोहऱ्यांची नावं ठरवता येत नाहीत?”

तिच्या वाटणीचं तांब्याभर पाणी उरलं होतं. ते तिने सगळ्यांदेखत कोरड्या मातीत ओतलं.

“अगं, पी ते!” निंबोळीचे हैबतराव पाटील ओरडले.

तिने ऐकलं नाही. चिखल मळून दोन्ही पटांवरच्या कोपऱ्यांतल्या मोहऱ्यांना सोंडा लावल्या. “आता बोला पाटील, हा कोण?”

हैबतरावांनी मोहऱ्याला हात लावला. मग म्हणाले, “हत्ती.”

राही तिथेच तहानेने कोसळली. पाण्यासाठी तसा डाव पुन्हा कोणी मांडला नाही.

आजही इथे नाव घेतल्याशिवाय कोणी प्यादंसुद्धा हलवत नाही. तेव्हा दादा, हात लावा आणि नीट म्हणा. राहीचं काय झालं विचारताय? शुद्धीवर आली ती. दुसऱ्या दिवशी सकाळी हैबतरावांनी झऱ्यावर पहिली घागर भरली आणि ओढा ओलांडून तिच्या दारात नेऊन ठेवली.