अर्ध्या घागऱ्याची परी

ऐका, पण मधे मधे प्रश्न विचारायचे नाहीत. मागच्या वेळी "परीला पंख असतात का?" यावरच अर्धी गोष्ट संपली होती. या परीला पंख होते. झालं समाधान?

तर माळावरच्या एका वस्तीत झुंबर नावाची आठ वर्षांची मुलगी राहायची. घरात ती, तिची आई आणि चांदणी नावाची शेळी. चांदणी पांढरीशुभ्र, कपाळावर इवलासा काळा टिळा, आणि बरगड्या तर एकेक दिसायच्या. उन्हाळ्यात माळावर हिरवी काडी उरली नव्हती. शेळी दिवसभर ओरडायची, आई दिवसभर कुरकुरायची आणि दोघींच्या मधे झुंबरचं डोकं उठायचं.

"सोमवारी मामा येतोय," एका शनिवारी आई म्हणाली. "त्याच्यासंगं चांदणीला धाडून देते. तिकडं चारा तरी मिळंल तिला."

झुंबरला रडूच फुटलं. चांदणीला तिनं आपल्या हातांनी वाढवलं होतं. तिनं विळा उचलला आणि तडक हापशामागे गेली. सांडपाणी मुरायचं तिथे लसूणघासाचा, म्हणजे गुराढोरांच्या चाऱ्याचा, एक जुना वाफा होता. खुरटलेला, पण हिरवा. तिनं पहिली मूठ धरली, तोच आतून कुणीतरी ओरडलं.

"आलात? आलात पुन्हा विळा घेऊन?"

इवल्या इवल्या पानांतून अंगठ्याएवढी परी बाहेर आली. चिमुकले चंदेरी पंख, केसांत पाण्याचे मोती, आणि कमरेला जांभळा घागरा, तोही अर्धाच! एका बाजूला लखलखती फुलं, दुसऱ्या बाजूला नुसते दोरे.

"महिनाभर बसून फुलं भरते," परी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि घागरा पुरा व्हायच्या आत तुम्ही सपासप कापून नेता! फूल आलं की चारा जाड होतो म्हणे! अगं, मग मी बी कधी धरायचं? आणि बी धरल्याशिवाय मला घरी जाता येत नाही!"

"माझ्यावर का वरडतीस? म्या पैल्यांदाच आलीया," झुंबरही वैतागली. पण तिनं विळा खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे. न्हाई कापत."

असा विळा आजवर कुणी खाली ठेवला नव्हता. परी जराशी नरमली. "बरं, एक इच्छा माग."

"माझ्या चांदणीला पोटभर घास."

"दिला! पण नियम दोन. दव सुकल्याशिवाय खायला घालायचा नाही. आणि हा माझ्या फुलांचा कोपरा कापायचा नाही. एक जरी मोडलास तरी इच्छा संपली."

रविवारी पहाटे पाहते तर काय, वाफा गुडघाभर वाढलेला! हिरवागार, लुसलुशीत, थेंबाथेंबात सोनेरी किरण. तिकडे चांदणीचा आरडाओरडा चाललेला. झुंबरला कुठला धीर? भाराभर ओला घास तिनं तसाच चांदणीपुढे टाकला.

घटकाभरात चांदणीचं पोट ढोलासारखं फुगलं. ती पाय झाडू लागली.

"आगं येडे, दवातला घास घातलास व्हय?" आई कपाळावर हात मारून ओरडली. तिनं शेळीला गोडं तेल पाजलं, पोट चोळलं, दिवसभर फिरवलं. संध्याकाळी चांदणीनं एक लांबलचक ढेकर दिला, तेव्हा कुठे दोघींच्या जिवात जीव आला.

इच्छा मात्र संपली होती. वाफा वाळून पाचोळा झाला. उरला फक्त परीचा कोपरा.

सोमवारी मामा दावं घेऊन दारात हजर.

"त्यो कोपरा तरी कापून आण," आई म्हणाली. "चार दिस निघतील. तवर मामाला थांबवते."

झुंबर विळा घेऊन कोपऱ्याशी बसली. इच्छाच संपली, तर आता नियम कसला? परीनं या वेळी भांडण काढलं नाही. घागरा बोटभर भरायचा राहिला होता. तिनं सुई खाली ठेवली आणि डोळे मिटून घेतले.

झुंबरनं विळा लांब भिरकावला. "घाल बाई त्यो घागरा येकदाचा!" असं म्हणून ती हमसून हमसून रडली.

इतक्यात एक मधमाशी आली. पण ती चोरटी, बाजूनंच मध चोखून पळाली. कारण या फुलात सरळ शिरलं की फूल फाडकन चापट मारतं. मग आला काळाभोर, गुबगुबीत भुंगा. त्यानं चापट खाल्ली, तोंड पिवळं करून घेतलं आणि गुरगुरत दुसऱ्या फुलात शिरला. टप! टप! टप! प्रत्येक चापटीसरशी घागऱ्याचा टाका भरत गेला. फुलांच्या जागी इवल्या इवल्या वळणदार शेंगा लागल्या.

परीनं गिरकी घेतली. सगळीकडे बी उधळलं, आणि जिथे पडलं तिथे लसूणघास सळसळत वर आला. त्याची मुळं खोल खोल, थेट ओलाव्यापर्यंत गेली.

"हा घास आता दर वर्षी फुटेल," लखलखत्या जांभळ्या उजेडात विरघळताना परी म्हणाली. "आणि हे बघ, दव सुकल्याशिवाय..."

"ऐकलंय!" झुंबर रडता रडता ओरडली.

मामा चहा पिऊन रिकामं दावं घेऊन गेला. झुंबर दर वर्षी एक कोपरा फुलांसाठी राखते. आणि रोज सकाळी चांदणी घासाकडे बघून वस्ती डोक्यावर घेते, तेव्हा झुंबर कमरेवर हात ठेवून तिच्यावर खेकसते, "थांब की गं जरा! दव सुकू दे!"