गिरणीवाल्याची शेवंता

नदीकाठच्या एका गावात पिठाची एकच गिरणी होती आणि ती तुळशीराम चालवायचा. भुवयांवर पीठ, मिशांवर पीठ, बोलायला लागला की चार कण समोरच्यावरही उडायचे. माणूस कष्टाळू होता, प्रामाणिक होता, फक्त लोक काय म्हणतील याची त्याला फार धास्ती.

त्याची एकुलती एक लेक शेवंता. वय आठ, पण दिसायची पाच वर्षांची. पोट फुगलेलं, हातापायाच्या काड्या. जेवली की पोट धरून बसायची, आणि खाल्लेलं अंगी लागायचंच नाही. बायकोनं, अनुसयेनं, दृष्ट काढली, जंतांचं औषध दिलं. तुळशीराम तर पोरीला ताकद यावी म्हणून स्वतःच्या हातानं गव्हाची खीर भरवायचा, तुपात कुस्करलेली पोळी भरवायचा. बिचारा जितक्या मायेनं भरवायचा, तितकी पोर खंगत जायची. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत सरकायची.

शेवटी तो आणि अनुसया तिला तालुक्याला घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पुढं आतडंही तपासायला लावलं, आणि मग दोघांना समोर बसवून सांगितलं, "गव्हात ग्लूटेन म्हणून एक चिकट पदार्थ असतो. तो हिच्या आतड्याला सोसत नाही. गहू, रवा, मैदा, शेवया, जव, सगळं बंद. ज्वारी, बाजरी, तांदूळ पोटभर द्या."

"किती दिवस?" तुळशीरामनं विचारलं.

"जन्मभर. आणि कणभरसुद्धा नको. पाळलंत तर पोर खडखडीत बरी होईल. नाही पाळलंत तर आतडं आणखी खराब होत जाईल."

तुळशीराम परत निघाला तो घाबराघुबरा होऊन. वाटेत त्यानं अनुसयेला बजावलं, "गावात अवाक्षर काढू नको. गिरणीवाल्याच्या पोरीला पीठ चालत नाही म्हटल्यावर लोक हसतील. उद्या हिचं लग्न कसं जमायचं?"

घरातला गहू त्यानं त्याच दिवशी बाहेर काढला. शेवंताच्या ताटात भाकरी आली, भात आला. आठ दिवस गेले, पंधरा गेले, महिना गेला. पोटदुखी थोडी कमी झाली, पण थांबली नाही. एका सकाळी शाळेतून निरोप आला, पोर प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली. तुळशीराम गिरणी तशीच टाकून धावला. तिला उचललं तर हाताला वजनच लागेना. आता आपली पोर हातची जाणार, या भीतीनं त्याला अन्न गोड लागेना.

"न चुकता पाळतोय, तरी असं का?" तो अनुसयेला विचारायचा. ती पदरानं डोळे पुसायची.

दशमीचा दिवस आला, दुसऱ्या दिवशी एकादशी. गिरणीपुढं गव्हाच्या डब्यांची रांग लागली होती. त्यात म्हाळसाकाकू राजगिरा घेऊन आल्या. उपासाच्या बाबतीत काकू भारी कडक.

"तुळशीरामा, आधी काय दळलंस?"

"गहू, काकू."

"मग जातं उघड, झाडून घे. गव्हाचा एक कण राहिला तरी माझा उपास मोडंल बघ."

"कण राहू देतोय व्हय, काकू?" तुळशीराम सवयीनं म्हणाला. त्यानं गिरणी बंद केली, दगड उघडले, ब्रशनं खाचाखाचांतलं पीठ काढलं. निघता निघता ओंजळभर पांढरं पीठ निघालं. ते हातात घेऊन तो उभाच राहिला.

शेवंताची ज्वारी तो रोजच्या गव्हामागोमाग दळत होता. याच दगडांत, न झाडता. गिरणी थांबवली असती तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून. गावाच्या उपासासाठी त्यानं शंभरदा गिरणी झाडली होती, पोटच्या पोरीसाठी एकदाही नाही.

"काय झालं रं?" काकूंनी विचारलं.

तुळशीरामला रडू आवरेना. साऱ्या रांगेसमोर तो म्हणाला, "काकू, माझ्या शेवंताला गहू सोसत न्हाई. कणभरबी न्हाई. डॉक्टरांनी सांगितलं हुतं. म्या लाजेखातर लपवलं आन् गव्हावर दळलेलं पीठ तिला रोज खाऊ घातलं."

रांगेत कोणी हसलं नाही. म्हाळसाकाकूंनी आपला राजगिऱ्याचा डबा बाजूला सरकवला.

"माझा उपास परवा सकाळी सुटंल, बाबा. तुझ्या पोरीचा जन्माचा हाय. दगड पुन्यांदा झाड, आन् आधी तिची ज्वारी दळ."

त्या दिवसापासून तुळशीराम शेवंताचं दळण झाडलेल्या गिरणीवर, सगळ्यांच्या आधी दळू लागला. कोणी कारण विचारलं तर न लाजता सांगू लागला. चार महिन्यांत शेवंताच्या बांगड्या मनगटाला घट्ट होऊ लागल्या.

तात्पर्य: व्रताचा नियम आपण कणभरही मोडू देत नाही, आजाऱ्याचं पथ्यही तितक्याच निष्ठेनं पाळावं, आणि लोकलाजेपायी ते कधीही लपवू नये.