पाथरवटाची मूठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. एका डोंगराच्या पायथ्याशी एक पाथरवट राहत होता. गावोगाव फिरून बोथट झालेल्या जात्यांना टाकी लावायची, हे त्याचं काम. त्याची एक रीत होती. टाकी लावून झाली की पहिली मूठ तो स्वतः दळी आणि ते पीठ फेकून देई. मग दुसरी मूठ दळून चिमूटभर पीठ जिभेवर ठेवी. दगडाची कच लागली नाही, तरच उठे.

पण कामात त्याचं मन रमत नसे. डोंगरावर राजा देऊळ बांधत होता. "तिथल्यांची कामं हजार वर्षं राहतील, आणि माझी टाकी सहा महिन्यांत झिजते," असं म्हणत तो कुढत बसे.

अखेर मुख्य शिल्पकाराला त्याची दया आली. "देवळाच्या पायरीवर कमळ कोरायचं आहे. उद्या सकाळी ये," तो म्हणाला.

पाथरवटाला आकाश ठेंगणं झालं. सकाळी निघाला, तर वाटेत एका म्हातारीनं अडवलं. "बाबा, सून चार दिवसांची बाळंतीण आहे रे. आणि जात्यात दाणाच फुटत नाही."

त्यानं घाईघाईनं टाकी लावली आणि मूठ न दळताच डोंगराची वाट धरली.

दुपारपर्यंत कमळाची पहिली पाकळी उमटली. तेवढ्यात म्हातारी धापा टाकत चढ चढून आली. "तुझ्यामुळं घरात पीठ झालं. म्हटलं, तुलाही भाकरी द्यावी."

पहिल्याच घासाला दाताखाली कच आली. त्याला घास गिळवेना.

"सुनेनं खाल्ली?"

"खाल्ली की. काही बोलली नाही बिचारी. मला दात नाहीत, मी दुधात कुस्करून गिळली."

त्याला स्वतःचीच शरम वाटली. छिन्नी ठेवून तो उठला.

"आता गेलास तर हा दगड दुसऱ्याला जाईल," शिल्पकार म्हणाला.

"जाऊ द्या. देव थांबेल हो. पण ती बाळंतीण माउली संध्याकाळी पुन्हा जेवायला बसेल."

तो खाली आला. जातं धुतलं, मूठ दळली, चिमूट जिभेवर ठेवली. त्यानंतर आपल्या कामाबद्दल तो कधी कुढला नाही.

कमळ दुसऱ्यानं पुरं केलं. येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांखाली तेही झिजून गेलं. पण त्या गावात लोक नव्या टाकीची पहिली मूठ पुढं पिढ्यान्‌पिढ्या बाजूला काढत राहिले. बाया म्हणत, "ही पाथरवटाची."

तेव्हा बाळांनो, आणि बाळांच्या आजीआजोबांनो, एवढं ध्यानात ठेवा: काम किती टिकतं यावरून नाही, ते कुणाच्या पोटाला लागतं यावरून त्याची थोरवी ठरते.